बैल दात पाहून, घर खांब पाहून

“घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून,” अशी आपल्याकडे म्हण आहे. गावात आपण घर बांधतो तेव्हा पाया खणण्यापासून आपण तिथे उभे असतो. दगड कुठला, वाळू किती पडली, लाकूड साग की आंबा, हे आपल्याला ठाऊक असते. मुंबईत तसे होत नाही. तिथे घर तयारच विकत घ्यावे लागते. ते बांधताना आपण पाहिलेले नसते. म्हणून विकत घेताना ते दुप्पट पाहावे लागते.

कोणी म्हणेल, “गुरुजी, आम्ही गावातली माणसं. मुंबईच्या घराशी आमचा काय संबंध?” संबंध आहे, आणि मोठा आहे. कोकणातली, घाटावरची, खानदेशातली कितीतरी मुले अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांत राहतात. मुलगा तिथे घर घ्यायला निघतो. त्याचा पगार पुरत नाही. बँकेचे कर्ज काढूनही पुरत नाही. मग गावची जमीन विकली जाते. बायकोचा डाग मोडला जातो. बापाचा फंड जातो. घर मुंबईत, पण पैसा गावचा. ते घर खोटे निघाले तर बुडतो आपणच.

असाच एक प्रसंग दोन वर्षांपूर्वी मी जवळून पाहिला. तोच सांगतो. त्यातून घर कसे पाहावे हेही कळेल.

चौघे जण घर पाहायला गेलो

माझा एक जुना विद्यार्थी मुंबईत नोकरीला आहे. त्याने मुलुंडला एक घर पाहिले. घर चौथ्या मजल्यावर, आणि आतूनच जिना चढून वर आणखी एक मजला. अशा दोन मजली घराला मुंबईत ‘डुप्लेक्स’ म्हणतात. मोठ्या इमारतीच्या पोटात एक छोटे माडीचे घर, असे समजा. खाली बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर, वर झोपण्याच्या दोन खोल्या.

पोरगा खूश होता. त्याचा बाप विहिरीजवळचा तुकडा विकायला तयार झाला. तो मला म्हणाला, “गुरुजी, तुम्ही चार अक्षरं जास्त शिकलेले. पोराबरोबर एकदा जाऊन या.”

मी म्हणालो, “मला अक्षरं कळतात, घर कळत नाही. आपले मिस्त्री बरोबर येऊ देत.”

आमचे मिस्त्री म्हणजे गावचे गवंडी. त्यांची उमेदीची तीस वर्षे मुंबईत स्लॅब ओतण्यात गेली. पोराची आईही आमच्याबरोबर निघाली. त्या आदल्याच वर्षी रात्रीच्या वर्गात लिहायला-वाचायला शिकल्या होत्या. असे आम्ही चौघे जण गेलो.

घर झगमगीत होते. खाली चकचकीत लादी. वर खोटे छत आणि त्यात दिवे. भिंतींना ताजा रंग. दलाल म्हणाला, “आज इसार देऊन टाका. उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय.” पोराचा हात खिशाकडे गेला.

मिस्त्री म्हणाले, “थांब बाळा. बैल घेताना आपण झूल काढून बघतो की नाही? दात मोजतो, चार पावलं चालवून बघतो. मग लाखांचं घर झुलीवरून घ्यायचं काय?”

मुंबईत इसाराला ‘टोकन’ म्हणतात. शब्द बदलला तरी गोष्ट तीच. पैसा एकदा गेला की आपले तोंड बंद होते. म्हणून पहिला नियम असा: आधी पाहणी, मग इसार.

घराची हाडे ओळखा

गावच्या जुन्या घरात आढ्याचा भार मेढीवर येतो आणि मेढीचा भार जमिनीवर जातो. मेढ कापली तर छप्पर खाली येते. हे लहान पोरालाही कळते.

सिमेंटच्या इमारतीतही हाच हिशेब आहे. आपण ज्यावर चालतो तो स्लॅब. स्लॅबचा भार तुळईवर येतो. तिला मिस्त्री लोक बीम म्हणतात. बीमचा भार खांबावर येतो, म्हणजे कॉलमवर. खांब तो भार पायात नेऊन सोडतो. स्लॅब, बीम आणि खांब ही घराची हाडे. रंग, लादी, दिवे ही कातडी. कातडी बदलता येते. हाड मोडले तर सगळे घर आडवे होते.

हाडांशी खेळ केला तर काय होते, ते घाटकोपरने पाहिले आहे. २५ जुलै २०१७ रोजी सकाळी घाटकोपर पश्चिमेला ‘साई दर्शन’ नावाची चार मजली इमारत कोसळली. १७ माणसे गेली. तळमजल्यावर आतली रचना बदलण्याचे काम चालू होते. त्या कामात खांबांना हात लावला गेला, हे कारण चौकशीत पुढे आले. वरच्या मजल्यांवरच्या माणसांनी काहीच केले नव्हते. ती आपापल्या घरात होती.

यातून एक गोष्ट शिकायची. आपले घर चांगले असून भागत नाही. आपल्या खाली कोणी काय तोडले आहे, तेही पाहावे लागते. तळमजल्याला दुकान असेल, दवाखाना असेल, तर आत जाऊन पाहा. सगळे खांब जागेवर आहेत का, हे इमारतीच्या सेक्रेटरीला विचारा. विचारायला लाजू नका.

भेगा, गंज आणि ओल

मिस्त्रींनी लादीकडे पाहिलेच नाही. ते वर पाहत फिरले. मग त्यांनी एकेक गोष्ट आम्हांला समजावून सांगितली.

भेग पाहताना ती कुठे आहे आणि कशी आहे, ते पाहावे. गिलाव्यावर केसासारख्या बारीक भेगा पुष्कळ घरांत असतात. त्या गिलावा वाळताना पडतात. त्यांनी घाबरू नये. खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली भेग असेल, तर लक्ष द्यावे. खांबावर, बीमवर किंवा स्लॅबच्या खालच्या बाजूला भेग असेल, तर जास्त लक्ष द्यावे. रुपयाच्या नाण्याची कड आत जाईल एवढी भेग असेल, तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नये.

गंज हा मुंबईच्या घरांचा मोठा रोग. बीम, खांब आणि स्लॅब यांच्या पोटात लोखंडी सळ्या असतात. पाणी आणि समुद्राकडची खारी हवा आत शिरली की सळई गंजते. गंजलेले लोखंड फुगते. भिजवलेला हरभरा डब्यात दाबून भरला तर झाकण वर येते ना? तसेच इथे होते. फुगलेली सळई बाहेरचे सिमेंट फोडून काढते. आधी सळईच्या रेषेत सरळ भेग दिसते. मग तांबूस डाग येतात. मग खपली पडते आणि सळई उघडी होते. अशी खपली पडलेली दिसली तर समजावे, रोग जुना आहे. वरून गिलावा लावून तो झाकता येतो, बरा होत नाही.

ओल पाहायची तर पावसात जावे. मुंबईत चार महिने पाऊस कोसळतो. आषाढात घर पाहिले तर ते स्वतःच सगळे सांगते. उन्हाळ्यात पाहावे लागले तर जुन्या खुणा शोधाव्या. छतावर पिवळे गोल डाग आहेत का? भिंतीला लोणा धरला आहे का, म्हणजे मिठासारखी पांढरी भुकटी निघते का? सगळी भिंत जुनी आणि एकाच कोपऱ्याला नवा रंग, असे आहे का? नवा रंग दिसला की हात लावून पाहा. वास घ्या. कुबट वास रंगाने जात नाही.

खोटे छत असेल तर वरचे काहीच दिसत नाही. एखादा दिवा काढून त्या भोकातून विजेरीने पाहू द्या, असे मालकाला म्हणावे. घर चांगले असेल तर मालक नाही म्हणणार नाही.

दोन मजली घरात आणखी एक गोष्ट असते. वरच्या मजल्यावरची न्हाणी खालच्या कुठल्या खोलीवर येते, ते पाहावे. ती स्वयंपाकघरावर किंवा झोपायच्या जागेवर आली तर तिथले छत नीट तपासावे. मालकाची परवानगी घेऊन न्हाणीची मोरी बंद करावी. दोन बोटे पाणी भरून एक दिवस ठेवावे. दुसऱ्या दिवशी खालच्या छताला ओल आली तर न्हाणी गळते.

नाणे, गोटी आणि ओळंबा

मिस्त्रींच्या खिशात तीन वस्तू होत्या. तिन्ही मिळून शंभर रुपयांच्या नसतील.

एक रुपयाचे नाणे. आपण माठ घेताना तो वाजवून घेतो. टणटणीत वाजला तर चांगला, बद्द वाजला तर फुटका. मिस्त्रींनी नाण्याने लादी, भिंत आणि खांब जागोजागी वाजवले. जिथे बद्द आवाज आला तिथे खडूने खूण केली. बद्द आवाज म्हणजे आत पोकळी आहे. लादी किंवा गिलावा सुटला आहे.

दुसरी वस्तू खेळायची गोटी. ती जमिनीवर ठेवली. न्हाणीत गोटी मोरीकडे गेली पाहिजे, कारण पाणी तिकडेच जायला हवे. पण खोलीत ठेवलेली गोटी एकाच कोपऱ्याकडे जोराने पळाली, तर जमीन त्या बाजूला का कलली, हे विचारावे.

तिसरी वस्तू ओळंबा. दोरी सोडली की खांब सरळ उभा आहे की झुकला आहे ते कळते.

ही परीक्षा आपल्यालाही करता येते. पण एवढे लक्षात ठेवा, की ती फक्त रोगाची शंका सांगते. रोग कोणता आणि किती, हे इंजिनिअर सांगतो. त्याच्याकडे एक खास हातोडा असतो. सिमेंटवर तो किती उसळतो यावरून वरच्या थराचा टणकपणा कळतो. तो ध्वनीच्या लहरी पाठवून आतली पोकळी शोधतो. गरज पडली तर सिमेंटचा छोटा तुकडा काढून तपासतो. त्याची फी घराच्या किमतीपुढे चिमूटभर असते. ती वाचवायला जाऊ नये.

जिन्याचे भोक

मग मिस्त्री आतल्या जिन्यापाशी आले. डुप्लेक्स घराचे मर्म इथेच आहे.

काही डुप्लेक्स घरे पहिल्यापासून तशीच बांधलेली असतात. नकाशातच जिना असतो. जिन्यासाठी स्लॅबमध्ये जागा सोडलेली असते आणि तिच्या कडेने बीम दिलेले असतात. अशा घरात जिन्याची भीती नाही.

पण काही डुप्लेक्स मागाहून केलेली असतात. खालचे आणि वरचे घर एकाच माणसाने घेतले, मधला स्लॅब फोडला आणि जिना बसवला. कधी सगळ्यांत वरच्या मजल्यावरचा माणूस छत फोडतो आणि गच्चीवर खोल्या चढवतो. स्लॅब फोडताना सळ्या कापल्या जातात. कधी बीमही छिलला जातो. हे काम इंजिनिअरच्या हिशेबाने आणि पालिकेच्या परवानगीने केले तर ठीक. नाहीतर ते मेढ कापण्यासारखे आहे.

जिन्याखाली एक कपाट होते. मिस्त्रींनी ते उघडले आणि आत विजेरी मारली. स्लॅबची कड वेडीवाकडी होती. कापलेल्या सळ्यांची टोके बाहेर होती आणि तांबूस झाली होती. शेजारचा बीम खालून छिललेला होता. डोके लागू नये म्हणून कोणीतरी तो कमी केला होता.

मिस्त्रींनी विचारले, “शेठ, हे काम कुठल्या इंजिनिअरनं केलं?”

मालक म्हणाला, “अहो, या भागात सगळ्यांनीच केलंय. काही होत नाही.”

मिस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त पोराला बोलावले आणि तो बीम दाखवला. पोराचा चेहरा उतरला.

आईने कागद वाचला

मी मालकाला म्हणालो, “कागद दाखवा.” त्याने एक जाडजूड इंग्रजी करारनामा पुढे केला. मी तो चाळत बसलो. त्यात एक मराठी कागद होता. तो ‘सूची क्रमांक दोन’.

हा कागद नोंदणी खात्याचा असतो. घराच्या खरेदीची सरकारात नोंद झाली की त्या व्यवहाराचा गोषवारा त्यावर उतरतो. घेणारा कोण, देणारा कोण, किंमत किती, घर कोणते, मजला कितवा, क्षेत्रफळ किती, हे त्यावर मराठीत असते.

पोराच्या आईने तो कागद हातात घेतला. बोट ठेवून एकेक शब्द लावला. थोडा वेळ गेला. मग त्या म्हणाल्या, “गुरुजी, यात चौथा मजला लिहिलाय. वरच्या मजल्याचं नावच नाही.”

मी पाहिले. खरेच नव्हते. क्षेत्रफळ ४२ चौरस मीटर होते. एक चौरस मीटर म्हणजे सुमारे १०.७६ चौरस फूट. म्हणजे ४२ गुणिले १०.७६, सुमारे ४५२ चौरस फूट. आणि मालक पैसे मागत होता ८५० चौरस फुटांचे.

वरचा सगळा मजला कागदावर नव्हताच. तो गच्चीवर चढवलेला होता.

आम्ही खाली जाऊन सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटलो. ते म्हणाले, “गच्ची सर्वांची आहे. वरच्या खोल्यांना आम्ही परवानगी दिलेली नाही. पालिकेकडे तक्रार गेलेली आहे.”

उद्या पालिकेने वरच्या खोल्या पाडल्या असत्या, तर पोराच्या हाती अर्धेच घर उरले असते. कर्ज मात्र पूर्ण फेडावे लागले असते. आणि विहिरीजवळचा तुकडा केव्हाच गेला असता.

जे मिस्त्रींच्या डोळ्यांनी पाहिले, तेच आईच्या अक्षरांनी सांगितले. आम्ही इसार न देता परतलो.

कोणते कागद मागावे

गावात जमीन घेताना आपण सातबारा पाहतो. शहरातही तसेच कागद असतात.

पहिला, मालमत्ता पत्रक. हा शहरातला सातबारा समजा. इमारतीखालची जमीन कोणाच्या नावावर आहे, ते त्यात कळते.

दुसरा, पालिकेने मंजूर केलेला नकाशा. तो हातात घेऊन घरात फिरावे. नकाशात भिंत आहे तिथे भिंत आहे का? नकाशात जिना आहे का? वरचा मजला नकाशात घर म्हणून दाखवला आहे, की पोटमाळा म्हणून? पोटमाळ्याला मजल्याची किंमत देऊ नये.

तिसरा, भोगवटा प्रमाणपत्र. इमारत मंजुरीप्रमाणे पुरी झाली आणि तिच्यात राहायला हरकत नाही, असा हा पालिकेचा दाखला.

चौथा, सूची क्रमांक दोन. दोन घरे जोडून डुप्लेक्स केलेले असेल तर दोन्ही घरांच्या नोंदी मागाव्या. सोसायटीचा भाग दाखला, म्हणजे शेअर सर्टिफिकेट, तोही दोन्ही घरांचा पाहावा.

पाचवा, इमारतीच्या तपासणीचा अहवाल. त्याला ‘स्ट्रक्चरल ऑडिट’ म्हणतात. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत याचा नियम आहे. इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर दर पाच वर्षांनी, आणि ३० वर्षांहून जुनी असेल तर दर तीन वर्षांनी, अशी तपासणी करून घ्यायची असते. अहवालात इमारतीचा वर्ग लिहिलेला असेल तर तो पाहावा. सी-१ म्हणजे इमारत अति धोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२ म्हणजे मोठी दुरुस्ती. त्यात ‘अ’ असेल तर काही भाग रिकामा करावा लागतो, ‘ब’ असेल तर रिकामी न करता दुरुस्ती होते. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती.

नव्या इमारतीत घर घेत असाल तर महारेरा हे नाव लक्षात ठेवा. घरांच्या व्यवहारांवर देखरेख करणारी ही सरकारी यंत्रणा. हा कायदा १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला. त्याप्रमाणे लेखी करार नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. घराचा ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला आणि आपण तो कळवला, तर बिल्डरने तो तीस दिवसांत, जादा पैसे न घेता, दुरुस्त करून द्यायचा असतो. म्हणून दोष दिसला की लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. तोंडी बोलणे हवेत जाते.

तळमजल्याचे आणि बैठे घर

काही दोन मजली घरे जमिनीलगत असतात. अशा घरात पुराचा विचार करावा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. म्हणजे सपाट जागी साठला तर तीन फुटांवर पाणी. उपनगरांतल्या कितीतरी तळमजल्यांत त्या दिवशी पाणी शिरले. म्हणून शेजारच्या जुन्या रहिवाशाला विचारावे, “त्या दिवशी पाणी कुठवर आलं होतं?” तो भिंतीवर हात ठेवून दाखवील. तो हात दलालाच्या बोलण्यापेक्षा खरा.

बोरिवलीजवळ गोराईला आणि कांदिवलीत चारकोपला १९८० नंतरच्या दशकात म्हाडाने जागतिक बँकेच्या मदतीने छोटे भूखंड पाडून दिले. लोकांनी त्यांवर आपापली घरे बांधली. पुढे संसार वाढले तसे पुष्कळांनी वर मजले चढवले. असे घर घेताना एकच प्रश्न आधी विचारावा, की पाया किती मजल्यांसाठी घातला होता? एका मजल्याच्या पायावर तीन मजले चढवणे म्हणजे वासरावर बैलाचे ओझे लादणे. मालाडच्या मालवणी भागात ९ जून २०२१ च्या रात्री असे मजले वाढवलेले घर शेजारच्या घरावर कोसळले. दहाहून अधिक माणसे गेली. त्यांत लहान मुले होती.

पुढे काय झाले

तीन महिन्यांनी पोराला दुसरे घर मिळाले. एकाच मजल्याचे आणि लहान. आत झगमगाट काही नाही. एका भिंतीला ओल होती, ती मालकाने आपणहून दाखवली. इंजिनिअरने येऊन पाहिले. म्हणाला, “पाइप गळतोय, हाडं शाबूत आहेत.” ओलीचा खर्च किमतीतून कमी करून घेतला. कागद आईने वाचले, मग वकिलाने तपासले.

विहिरीजवळचा तुकडा वाचला नाही. तो विकावाच लागला. बापाच्या डोळ्यांत त्या दिवशी पाणी आले. पण आता तो म्हणतो, “जमीन गेली, पण तिच्या जागी घर आलं. गच्चीवरची हवा नाही आली.”

जाताना बरोबर न्यायची यादी

ही यादी वहीत उतरून घ्या. मुलाला पाठवा. घर पाहायला जाताना बरोबर न्या.

१. पाहणी पुरी होईपर्यंत इसार द्यायचा नाही.
२. घर दोनदा पाहायचे. एकदा भर दिवसा, एकदा पावसात.
३. खांब, बीम, स्लॅब यांवरच्या भेगा आणि गंजाचे डाग पाहायचे.
४. नवा रंग आणि खोटे छत यांच्या मागे काय आहे ते पाहायचे.
५. न्हाणीखालचे छत पाहायचे. वरचे आणि खालचे नळ एकदम सोडून वर पाणी चढते का ते पाहायचे.
६. जिना नकाशात आहे का आणि स्लॅब कोणी फोडला, हे विचारायचे.
७. तळमजल्यावर आणि शेजारी काय तोडफोड झाली आहे ते पाहायचे.
८. टेप घेऊन खोल्या स्वतः मोजायच्या आणि कागदावरच्या क्षेत्रफळाशी ताडून पाहायच्या.
९. वर सांगितलेले पाच कागद मागायचे आणि वकिलाला दाखवायचे.
१०. इंजिनिअरचे मत लेखी घ्यायचे.

चर्चेसाठी प्रश्न

१. सिमेंटच्या इमारतीची हाडे कोणती? त्यांचा भार कोणाकडून कोणाकडे जातो?
२. सळई गंजली की बाहेरचे सिमेंट का फुटते?
३. पोराच्या आईला सूची क्रमांक दोनवर काय सापडले? ते वाचले नसते तर काय झाले असते?
४. तुमच्या घरचे कोणी शहरात घर घेणार आहे का? त्याला आज पत्रात काय लिहाल? ते पत्र स्वतःच्या हाताने लिहा.